मित्सुएची टोपी

बायको जाऊन सात महिने झाले, तरी तिची गवती टोपी दारामागच्या खुंटीवर तशीच होती. येता-जाता ती दिसली की कुवाबारा दारातच थबकत. मुलीने सांगितलं, जळाऊ कचरा न्यायला गाडी येते त्या दिवशी टाकून द्या. त्यांनी टोपी पिशवीत घातली आणि परत बाहेर काढली. मित्सुए म्हणजे काय केळ्याचं साल होती? शेवटी त्यांनी ठरवलं, दर शरदात दोघं ज्या दरीत नदीकाठाने चालायला जायची, तिथेच टोपी ठेवून यायची.

दिवसही मेला सुतकी उगवला, ढगाळ आणि गारठलेला. भाताचे गोळे खायला दोघं बसत त्या खडकावर टोपी ठेवून, हात जोडून ते निघाले. पण या मुलुखात माणसाला काही हरवायची सोयच नाही. लाल जॅकेटातल्या एक बाई अस्वलं पळवायची घंटा खुळखुळवत मागून धापा टाकत आल्या.

"काका, काकूंची टोपी राहिली बघा मागं."

एवढं धावत आलेल्या बाईला मरणाची बातमी देऊन तिचा दिवस नासवायचा, हे काही त्यांच्या रीतीत बसेना.

"ती पुढे चालतेय. देतो तिला," ते म्हणाले.

बाई झपझप पुढे निघून गेल्या. कुवाबारांनी आजूबाजूला पाहिलं आणि डोळे मिटून टोपी नदीत सोडली.

झालं. बाई वाटेत भेटेल त्याला काकूंबद्दल विचारत होत्या आणि कोणालाच काकू दिसल्या नव्हत्या. तेवढ्यात गळ टाकून बसलेल्या एकाने पाण्यातून टोपी काढली. आत मित्सुएने स्वतःच्या हाताने आपलं नाव शिवलेलं. कुवाबारा रमतगमत तिथे पोचले, तोवर गावातले अग्निशमनाचे स्वयंसेवक दोर घेऊन दोन्ही काठांवर पांगले होते आणि सगळी दरी "मित्सुए-सान!" म्हणून हाका मारत होती.

त्यांनी तत्काळ खरं सांगायला हवं होतं. पण ते त्या हाका ऐकत राहिले. मुलगी तिला आई म्हणे. देव्हाऱ्यातल्या पाटीवर भिक्षूंनी दिलेलं मरणानंतरचं लांबलचक नाव होतं, ज्याला तिने जन्मात ओ दिली नसती. तिचं खरं नाव सात महिन्यांत कोणी उच्चारलंच नव्हतं.

शेवटी ते पथकाचे म्होरके मोरिवाकी यांच्यापुढे कमरेत वाकले आणि सगळं सांगून टाकलं.

"अहो, मग तेव्हाच नाही का बोलायचं?" मोरिवाकी म्हणाले.

"त्या बाई फार धावत आल्या होत्या हो."

लाल जॅकेटातल्या बाई रडू लागल्या, म्हणजे त्यांचा दिवस नासायचा तो नासलाच. मोरिवाकींनी शिटी वाजवून माणसं माघारी बोलावली. खाली वळणापलीकडे गेलेल्या एकाला मात्र ती ऐकू गेली नाही. तो बिचारा अजून हाका मारत होता. मोरिवाकींनी पुन्हा शिटी तोंडाला लावली, तशी कुवाबारांनी हलकेच त्यांची बाही धरली.

"थोडा वेळ राहू द्या," ते म्हणाले.