आपाच्या गाडीचा निकाल

आपा माझ्याशी समोरासमोर कधी बोलत नाही. जे काय बोलायचं ते आरशातून.

मुंबईत उभा जन्म टॅक्सी चालवून तो वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावी परतला, तो टॅक्सीसकट. तेव्हापासून गाडी त्याच्या अंगणात फणसाखाली उभी, आणि आपा बराचसा दिवस स्टेअरिंगमागे. भेटायला गेलं की करकरणारं मागचं दार उघडायचं, सीटवरची कोंबडी हुसकायची आणि बसायचं. मग आपा वरच्या आरशात बघून विचारणार, "खंय जावचा आसा?"

"खंय नाय. सहज इलंय."

"मगे बस."

मी त्याचा शेजारी आणि शाळासोबती. मराठीचा मास्तर म्हणून निवृत्त झालो. निर्णय कसे घ्यावेत यावर मी मुलांना पुष्कळ भाषणं दिली. भेंडी घ्यावी की गवार, हे मात्र मला अजून बाजारातून घरी फोन करून विचारावं लागतं. तरी आपाच्या गाडीचं काय करायचं ते ठरवण्याची जबाबदारी मी आपणहून अंगावर घेतली. कारण एकदा सीटवर बसताना माझा पाय गंजलेल्या पत्र्यातून आरपार गेला, आणि शेजाऱ्यांनी येऊन सोडवेपर्यंत मी एक पाय गाडीत, एक पाय जमिनीवर असा अडकून राहिलो.

"आपा, दुरुस्त तरी कर, नायतर इकून तरी टाक."

"घाई काय, मास्तर? सिग्नल लाल आसा."

आमच्या गावात सिग्नल नाही. पण आपाचा कायम लाल. लग्नाच्या वेळी लाल होता, म्हणून तो एकटा राहिला. कौलं परतायच्या वेळी लाल होता, म्हणून पावसात त्याच्या माजघरात पातेली मांडलेली असतात.

मी मालवणहून एक गिऱ्हाईक आणलं. हॉटेलवाला तरुण होता, त्याला गाडी बागेत ठेवायची होती. आपाने त्यालाही मागे बसवलं.

"टपावर फुलझाडं लावू, बॉनेटमध्ये दिवे सोडू. लोक फोटो काढतील," तो म्हणाला.

आपाने सगळं ऐकून घेतलं आणि आरशात बघत विचारलं, "आणि मी खंय बसतलंय?"

तो तरुण पुन्हा आला नाही.

मग मी दुरुस्तीच्या बाजूने बोलू लागलो. कुठल्याही बाजूने तितक्याच जोरात बोलता येणं हा मास्तरकीचा एकमेव फायदा. आपाला न विचारता कुडाळहून मिस्त्री बोलावला. आपा इतका रागावला, की त्याने आरसा फिरवून ठेवला. माझ्याशी अबोला धरायची ही त्याची रीत. मिस्त्रीने तळाचा पत्रा बदलला, इंजिन उतरवून साफ केलं, आणि एका सकाळी खोकत, धूर ओकत गाडी सुरू झाली. कोंबड्या पळाल्या. शेजारीपाजारी जमले. माझ्या बायकोने नारळ फोडला. इंजिन मीच घडवल्यासारखा मी मागे ऐसपैस बसलो.

"चल आपा, बंदरार."

आपाने क्लच दाबला, गिअरवर हात ठेवला आणि तसाच बसून राहिला. लोक वाट बघून पांगले. मिस्त्री पिशवी उचलून निघून गेला. मग आपाने इंजिन बंद केलं.

"मास्तर, माका पुढला दिसणा नाय."

नारळाचं पाणी काचेवर उडालं असेल म्हणून मी रुमाल घेऊन खाली उतरलो.

"काच नको पुसू," तो म्हणाला. "डोळ्यांचा आसा ता. काचबिंदू. सावंतवाडीचो डॉक्टर म्हणालो, उरला हा ता सांभाळ."

मी रुमाल खिशात ठेवला.

"माका कित्याक नाय सांगलंस?"

"सांगून काय? तू दुसऱ्याच दिवशी गाडी इकूक लावलं असतंस. आणि नीट झाली तर लोक चलवूक सांगतले. म्हणान म्हटलंय, ऱ्हवांदे तशीच."

म्हणजे मी हौसेने त्याला नेमकं नको तिथे आणून उभं केलं होतं. मी पुढचं दार उघडलं आणि म्हणालो, "उतर. मागे बस." बायकोला न विचारता घेतलेला हा माझा पहिला निर्णय.

माझ्याकडे परवाना आहे, पण तो मी ओळख पटवण्यापुरताच वापरत आलो. चढावर गाडी पुन्हा पुन्हा बंद पडली. बाजारात एक मासेवाली टोपली उचलून घेत म्हणाली, "मास्तर, हो रस्तो आसा, शाळेचा पटांगण नाय." आपा मागून नुसता वळणाच्या आधी "दुसरो गिअर घाल" म्हणायचा. तेही गाडीच्या आवाजावरून.

बंदरावर मी गाडी पाण्याकडे तोंड करून उभी केली.

"काय दिसता?" आपाने विचारलं.

मी घसा साफ केला. 'समुद्रकिनाऱ्यावरचा एक तास' हा निबंध मी जन्मभर मुलांकडून लिहून घेतला होता.

"समोर अथांग सागर पसरला आहे," मी सुरुवात केली.

"ता ऱ्हवांदे. होडी आसा?"

"आसा एक. काठार ओढून ठेवलेली."

"रंग?"

"निळो."

"कसलो निळो? निळे खूप जातीचे आसतत."

मी डोळे बारीक करून बघितलं, पण इतक्या लांबून मला सांगता येईना. आपा हात मांडीवर ठेवून, मान जरा पुढे करून वाट बघत होता. मी दार उघडून उतरलो आणि नीट बघायला होडीपाशी गेलो.