आपाचे समुद्रातले भाचे

वरणाचा घास घेतला की हमीद सर डोळे मिटून आकडा सांगायचे. "आठ." म्हणजे हजारात आठ भाग मीठ. माझ्या भाजीला त्यांनी एकदा पंधरा दिले, तेव्हापासून मी त्यांच्यासमोर डबा उघडणं सोडलं. जास्त झालं होतं मीठ, मान्य. पण अख्ख्या स्टाफरूमसमोर भाजीचा पंचनामा कशाला?

ही खोड त्यांना किड्यांपायी लागली. अकोल्यात, जिथे प्यायच्या पाण्याची बोंब, तिथे हा प्राणिशास्त्राचा मास्तर समुद्रातले किडे पाळायचा! कोकणातल्या खाडीच्या चिखलातून थर्मासात आणलेले. गांडुळासारखे, पण दोन्ही अंगांना पायांची झालर. किती उन्हात, किती मिठात किडा किती वाढतो, हे ते चार वर्षं मोजत होते. पीएचडी त्यावरच टांगलेली. पाणी सकाळ-संध्याकाळ चाखायचे. "मॅडम, किडा खाते तं बरोबर," ते म्हणत, "पण खाल्लेलं जाते कुठं? वाढाले का नुसतं टिकाले?" हा प्रश्न ते आमच्या शिपायालाही विचारत. तो बिचारा विडी विझवून विचार करी.

सरांनी लग्न केलं नव्हतं. डबा पातूरहून यायचा, सकाळच्या एसटीनं, कंडक्टरच्या हाती. पाठवायची त्यांची थोरली बहीण, आपा. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलेलं. आता ती एकटीच वांगी-मेथी लावून बाजारात विकायची. डब्यासोबत रोज निरोप यायचा: माझे भाचे जेवले का? भाचे म्हणजे किडे. सर गंभीरपणे उत्तर देत आणि कंडक्टर ते तितक्याच गंभीरपणे पोचवी.

त्या वर्षी पातूरकडच्या विहिरी आटल्या आणि इकडे दिवसदिवस लाइन जाऊ लागली. किड्यांसाठी लावलेला कूलर बंद. सरांनी आपली वऱ्हाडी तोड काढली, किडे माठात ठेवले. पाणी गारेगार झालं. पण माठ पाझरतो. पाणी उडे, मीठ आतच राही आणि कमी पडलं की सर वरून आणखी खारंच पाणी ओतत. रोज चिमूटभर वाढलेलं मीठ त्या तालेवार जिभेलाही कळलं नाही. पंधरा दिवसांनी तोललं तर खाऊनपिऊन किडे रोडावलेले.

"सारा जोर मीठ सोसण्यात गेला, मॅडम," सर म्हणाले. "वाढाले काही उरलंच नाही."

त्यांनी पदरच्या पैशानं इन्व्हर्टर घेतला आणि किडे माठातून काढून पुन्हा कूलरपुढे ठेवले. त्याच आठवड्यात आपाची भाजी चाखून ते म्हणाले, "शून्य." आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशीही शून्य. तिसऱ्या दिवशी मी कंडक्टरला गाठलं. तो म्हणाला, बाई लई वाळली, मीठ घालायचंही भान नाही तिला, डबासुद्धा बसूनच देते, तीन शेतं ओलांडून डोक्यावर पाणी आणते वांग्यांना. मला असा संताप आला! किड्यांचं वजन रोज करता, बहिणीला शेवटचं कधी पाहिलं, असं मी सरांना तोंडावर विचारलं.

"ईदले," ते म्हणाले. "पाणी बदलावं लागते ना इथं. अन् आपा म्हणे, जेवून राहिली म्हणून."

दुपारी त्यांनी प्रयोगशाळेतला आपला कूलर आणि इन्व्हर्टर टेम्पोत घातला आणि पातूर गाठलं. किडे मी सांभाळायचा प्रयत्न केला, त्यांच्या भांड्यांना ओली पोती गुंडाळली. चौथ्या दिवशी एकही उरला नाही.

रविवारी मी ते सांगायला गेले. अंगणातच सांगितलं. सर नुसते "हो" म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, फार उशीर झाला म्हणून. आत कूलर घरघरत होता आणि आपा खाटेवर चादरीत दिसतही नव्हती. सरांनी साखर-मिठाचं पाणी केलं, चाखलं, डोळे मिटले. मी आकड्याची वाट पाहत राहिले. त्यांनी आकडा सांगितला नाही.

आपा तोंड घट्ट मिटून होती. सकाळपासून तिनं थेंब घेतला नव्हता. माझी चाहूल लागताच मात्र तिनं डोळे उघडले.

"हमीद, माहे भाचे जेवले का?"

"जेवले आपा. वाढून राहिले."

तिचा विश्वास बसला नसावा. ती माझ्याकडे बघू लागली. इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

"हो आपा," मी म्हणाले, "चांगले वीतभर झाले."

मग तिनं तोंड उघडलं आणि सरांच्या हातून दोन चमचे पाणी घेतलं.