रक्तातली खोट

गीताबाईंच्या अंगावर पित्त उठायचं, आणि त्यांचे यजमान जानराव त्याचा दोष बीटी कापसाला द्यायचे. सोनाळ्याच्या अलीकडच्या त्या गावात तशी रीतच पडली होती. म्हैस आटली, बीटी. पोरगा बारावीत नापास झाला, बीटी. कापूस उलटून बोलत नाही, हा त्याचा मोठा गुण. गीताबाई मात्र गेरू फासून, आमसुलाचं पाणी चोळून थकल्या होत्या. वर्षानुवर्षं त्यांना सलग झोप म्हणून नव्हती.

अशात डॉक्टर झेबा गावात आल्या. जुनाट पित्तावर त्यांचं संशोधन चाललं होतं. शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी समजावलं, "यात कापसाचा संबंध नाही. अंगाचं रक्षण करणारी फौजच आपल्या माणसांवर उठते."

"म्हणजे भाऊबंदकी," जानराव म्हणाले.

"अगदी तसंच." डॉक्टर खूश झाल्या. आठवडाभर खाजेची गोळी बंद ठेवायची, कारण गोळीने गांध दबते; मग आपल्याच रक्तातलं पाणी हातावर टोचायचं. तिथे गांध उठली, तर दोष रक्तात. अशा बाईला दर महिन्याला एक महागडी सुई फुकट मिळणार होती.

गीताबाईंनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. जानरावांच्या कानात मात्र 'दोष रक्तात' एवढंच राहिलं. त्यांच्या मुलाची, राजकुमारची, सोयरीक जळगाव जामोदला नुकतीच जुळत आली होती. कापसाची खाज म्हटली तर लोक हळहळतात. रक्तात खोट म्हटली की चार गावं तोंड फिरवतात.

"कायले टोचून घेतं वं? सोयरीक मोडंल ना."

"मले झोप पाह्यजे," गीताबाई म्हणाल्या. "सोयरीक तुमी पाहा."

बाई ऐकत नाही म्हटल्यावर जानरावांनी मोईजच्या मेडिकलमधून खाजेच्या गोळ्या आणल्या. तपासणीच्या सकाळी त्यांनी जन्मात पहिल्यांदा स्वतः चहा केला आणि गोळी कुटून बायकोच्या कपात घातली.

शाळेत पाहतात तर रांगेतल्या बाया बसल्या जागी पेंगत होत्या. गीताबाईही भिंतीला टेकताच घोरू लागल्या. "गोळी घेतली का?" डॉक्टर एकेकीला विचारत होत्या. बाया देवाशपथ नाही म्हणत होत्या, आणि बिचाऱ्या खरंच बोलत होत्या. गावातल्या एकीचाही हात फुगला नाही. फुगला तो फक्त बसने आलेल्या एका परगावच्या बाईचा. जानराव बघतात तर त्या होणाऱ्या विहीणबाई, अन्नपूर्णाबाई.

"राम राम, इवाई," त्या फुगलेला हात दाखवत म्हणाल्या. "खाजते तं खाजते. दवाखान्यात काय लपवायचं?"

जानरावांना आतून गार वाटलं. खोट निघाली ती समोरच्यांच्या रक्तात. मग मोठ्या मनाने त्यांनी सोयरीक कायम ठेवली. डॉक्टर झेबांचा चेहरा तेवढा उतरला. एवढी खटपट, आणि अख्ख्या गावात रोगी नाही.

साखरपुड्याला अन्नपूर्णाबाई आल्या त्या फुकटच्या सुईने तुकतुकीत होऊन. इकडे गीताबाईंच्या मानेवर लालभडक गांधी उठलेल्या. कुंकू लावतानाही त्यांना मधेच हात थांबवून खाजवावं लागलं.

"हे काय उठलं, इहीणबाई?"

"बीटीची खाज आहे," जानराव घाईने म्हणाले.

"कापसानं नाही होत, डॉक्टरीणबाईनं सांगतलं. अन् रक्तात म्हणावं, तं तुमच्या तपासणीत काहीच नाही निघालं." अन्नपूर्णाबाई मागे सरकल्या. "माह्या रोगाले नाव आहे, इलाज आहे. बिनानावाचा रोग ज्या घरात, तिथं पोरगी कशी देऊ?"

जानराव ताडकन उठले.

"आईशपथ सांगतो, हिच्या रक्तातच खोट आहे. मीच चहात गोळी टाकली होती."

गीताबाईंनी कुंकवाचं ताट खाली ठेवलं. "डॉक्टरीणबाईले फोन लावा. तोवर साखरपुडा थांबला."

जानरावांनी फोन लावला आणि सगळं कबूल केलं. डॉक्टर झेबांनी सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यासारखे गावात आणखी किती आहेत?"

जानरावांनी मांडवाकडे पाहिलं. गावातले झाडून सगळे नवरे माना खाली घालून बसले होते, आणि त्यांच्या बायका खाजवायचं थांबवून त्यांच्याकडे बघत होत्या.