बाबलभावजींची कलती खाट

खाटेच्या पायांखालचे चिरे चोरणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर पाहून घ्या. ती मी. तेव्हा मी पासष्टीची तरुणी होते. अंगात रग भरपूर, अक्कल अजून वाटेतच.

चिरे शेजारच्या बाबलभावजींचे. त्यांच्या माजघरातल्या खाटेचे उशाकडचे दोन पाय चिऱ्याच्या घडीव तुकड्यांवर चढवलेले. खाट इतकी कलती, की उशाशी झोपलेली मांजर सकाळी पायथ्याशी सापडायची.

"डोक्याची बाजू वर असली, की पोटातला आंबट वर चढणा नाय," भावजी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. आलेला माणूस बिचारा कोयता मागायला आलेला असे.

त्यांची बायको सुलू सुनेच्या बाळंतपणाला डोंबिवलीला गेली आणि तिकडचीच झाली. नातू शाळेत जायला लागला, तरी हिचं फोनवर 'येतंय, येतंय' चालूच. ती गेल्यावर भावजींना हे जळजळीचं वेड लागलं. मी झटक्यात निदान केलं: स्वतःच्या हातचं रांधलेलं खाऊन माणसाला दुसरं काय होणार?

दिवेलागणीच्या आधी त्यांचं जेवण उरकलेलं. वाडीत संध्याकाळचं लग्नकार्य असलं, की आचारी कांदा चिरत असताना हे पान मांडून तयार. घरी जेवताना मोबाईल तांब्याला टेकवून समोर ठेवत. बातम्या बघतात, असं मी धरून चालले होते. जेवल्यावर लवंडणं नाही. खाडीवरून वारा येई आणि हे मोबाईल कानाला लावून अंगणात येरझाऱ्या घालत.

मी प्रेमाने बांगड्याचं तिखलं पाठवलं, तर वाटी परत. "बांगड्याचो दोष नाय, वैनी. त्या तिरफळाक तेवढा भायर बसवा." सोलकढीसुद्धा परत! आमच्याकडे सोलकढी नाकारणाऱ्याची सोयरीक मोडेल.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. गणपतीत मी तिसऱ्या वड्याला हात घातला, की मागून आवाज येई, "पोटाक इचारलात?"

"पोट माझा. मी तेका कित्याक इचारू?"

"मगे रातीक ता तुमका इचारतला."

आणि विचारायचं, हो. छातीत चूल पेटल्यासारखं व्हायचं. मग मी गुपचूप दोन उशा रचून डावीकडे वळायचे, भावजींनी सांगितलं होतं तशी. आराम पडायचा. पण हे त्यांना सांगण्याइतका मोठेपणा माझ्यात नव्हता.

त्या वर्षी चतुर्थीला सुलू येणार, असं नक्की ठरलं. भावजी इस्त्रीचा सदरा घालून कुडाळ स्टेशनला गेले. जाताना किल्ली माझ्याकडे दिली. "जरा घर झाडून ठेवा, वैनी."

मी झाडलं. ओटा घासला. डब्यात डोकावले, तर मिरचीपूड नावाला नाही. आणि मग ती खाट दिसली. म्हटलं, इतक्या वर्षांनी बाई आपल्या घरी झोपणार, ती काय या घसरगुंडीवर? ह्यांच्या जळजळीपायी तिला शिक्षा का? कंबर मोडेपर्यंत ओढून दोन्ही चिरे काढले, घरामागच्या परड्यातल्या पाण्याच्या पिंपाखाली सरकवले. खाट सपाट झाली. वर धुतलेली चादर. स्वतःवर एवढी खूश झाले, की गजरा करून उशाशी ठेवला.

संध्याकाळी रिक्षा आली. भावजी एकटेच उतरले.

"सुलू खंय?"

"नातवाक ताप इलो. गाडीतच चढाक नाय." त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. "फुडच्या वर्साक येतंय म्हणाली."

ते आत गेले. आतून हाक आली, "वैनी, चिरे खंय?" "पिंपाखाली," मी सांगितलं. मग तसेच बाहेर आले, परड्यात गेले, पिंप कलवून चिरे काढायला लागले. मी धावले.

"भावजी, आज रवांदे. एक रात जळजळली तर काय होतला?"

"माका खंय जळजळ?" ते वाकलेलेच होते. "जळजळ तिका. डॉक्टरान सांगल्यान, दिवेलागणीआधी जेव. थयली सगळी उशिरा जेवतत. ती एकटी बसता ताटार. म्हणान मीय हय ताट घेतंय, फोन लावतंय. जेवल्यार तिना आडवा पडाचा नाय, मगे मीय फिरतंय तिच्यावांगडा."

"आणि खाट?"

"खाट तिची. मी खाली चटईर झोपतंय."

मी तो गजरा कुठे लपवावा याचा विचार करत होते. एक चिरा त्यांनी उचलला, दुसरा मी. वाटेत पुन्हा माझी जीभ वळवळलीच.

"पण आता ती येवक नाय ना, भावजी. मगे आजच कित्याक?"

चिरा पोटाशी धरून ते उंबऱ्यावर थांबले.

"वैनी, खाट सपाट रवली तर घराक वाटात, ती आता येवचीच नाय."