तात्यांचं मेंढरू

"बाजारातली भेट नेणारा माणूस मी नव्हे!" रेवदंड्याच्या तात्यांनी जाहीर केलं आणि फणसाची फळी ओटीवर आणून आपटली. तांदूळ निवडत बसलेल्या कुमुदताईंनी सूप उचललं. नवऱ्याला असा जोर चढला की घरातलं काहीतरी फुटतंच, हा त्यांचा अनुभव!

कोर्लईच्या इनासने नवं घर बांधलं होतं. रविवारी फादर येऊन घराला आशीर्वाद देणार होते. इनास तात्यांचा शाळेपासूनचा जिगरी दोस्त. तात्या सुपारीच्या झाडावरून पडले तेव्हा त्यांना खांद्यावर टाकून दवाखान्यात पळाला होता तो! म्हणून तात्यांनी फळीवर कोरायला चित्रही तसंच योजलं: हरवलेलं मेंढरू खांद्यावर घेऊन निघालेला येशू.

"म्हणजे मेंढरू तुम्ही," कुमुदताई म्हणाल्या.

"भाव समजून घे गं!"

येशू झकास उतरला. दाढीचा केस न् केस मोजून घ्यावा! मग मेंढराची पाळी आली आणि पटाशी सटकली. डावा कान अर्धा उडाला! कान जुळवायला तात्यांनी डोकं तासलं. डोकं बारीक झालं तसं तोंड लांब दिसायला लागलं.

वाडीत कामाला येणारी जनी थबकली. "तात्या, कुत्रा लई झ्याक काढलाय!"

"मेंढरू आहे ते!"

"व्हय वो?"

तात्यांनी चिडून अंगभर लोकरीची वळणं कोरली. संध्याकाळी जनी पुन्हा डोकावली आणि हळहळली, "अगं बाय, खरूज झाली बिचाऱ्याला!"

वळणं घासून काढली. राहिलं ते तुळतुळीत कुत्रं! आणि रविवार उजाडला.

"वाटेत मिठाई घेऊ या का?" कुमुदताईंनी जपून विचारलं.

"मित्र आहे तो माझा. त्याला कळेल!"

इनासच्या घरी पाहुणे दाटीवाटीने बसले होते. इनासने वर्तमानपत्राचं वेष्टण सोडलं, फळी उजेडाकडे धरली आणि बघतच राहिला. त्याची हनुवटी थरथरायला लागली. तात्या कुमुदताईंच्या आड सरकले.

"टायगर!" इनास हुंदका देऊन म्हणाला. "माझा टायगर!"

इनासचा म्हातारा कुत्रा गेल्या पावसाळ्यात गेला होता. तात्या हे साफ विसरले होते.

"घरातलं कुणी दोन घास जेवलं न्हाय त्या दिवशी," इनास डोळे पुसत पाहुण्यांना सांगू लागला. "आणि ह्याने बघा, माझ्या टायगरला थेट येशूच्या खांद्यावर बसवलं! डावा कानसुद्धा तसाच तुटका! तात्या, तू ध्यानात ठेवलंस रे!"

कुमुदताईंनी तोंड उघडलं. तात्यांनी त्यांच्या पायावर पाय दिला. तेवढ्यात इनासने तात्यांना अशी कडकडून मिठी मारली की खरं सांगायला छातीत हवाच उरली नाही.

"त्याचा... स्वभाव चांगला होता," तात्या कसेबसे म्हणाले.

फळी देव्हाऱ्याशेजारी लागली. फादरनी चष्मा सावरून ती जवळून न्याहाळली आणि तात्यांचा हात हातात घेतला.

"काय जिवंत काम आहे हो! नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यासाठी आम्हाला मेंढरं हवी आहेत. द्याल ना करून? एवढं अवघड कुत्रं ज्याला जमलं, त्याला मेंढरू म्हणजे काय!"