अ‍ॅम्प्लिफायर निवडीचा तुलनात्मक तक्ता

आत्याला आणखी सहा महिने तरी ऐकू येईल, असं कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तक्तेरावांचा जीव भांड्यात पडला. ते पाणीपुरवठा कार्यालयात खरेदी अधिकारी होते. तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय टाचणीसुद्धा घ्यायची नाही, या बाण्यामुळे त्यांना हे नाव पडलं होतं. सहा महिन्यांत त्यांनी एकदा झाडूंची खरेदी पूर्ण करून दाखवली होती आणि त्याबद्दलचं अभिनंदनपत्र अजून भिंतीवर होतं.

आत्याची इच्छा साधी होती. तक्तेरावांना लहानाचं मोठं तिनेच केलं होतं आणि इस्त्री करताना ती नेहमी एकच धून गुणगुणायची. तक्तेराव लॅप स्टील गिटार वाजवत, म्हणजे गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवत. त्या गिटारवर ती धून मोठ्या आवाजात एकदा मनसोक्त ऐकायची, एवढंच तिचं मागणं होतं.

"मग कपाटावरचा तो डबा लाव आणि वाजव," आत्या म्हणाली. डबा म्हणजे त्यांचा जुना-पुराणा, पण चालू अ‍ॅम्प्लिफायर.

"त्याच्या आवाजाला ऊब नाही, आत्या. तुझ्यासाठी वाजवायचं तर जुन्या धाटणीचा, दिव्यांसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचाच हवा."

"मला ऊब काय करायचीय? मला धून ऐकायचीय."

पण एकदा गरज नोंदवल्यावर लाभार्थ्याचं मत विचारात घेण्याची तरतूद नियमांत नव्हती. प्रकरण व्हॉल्व्हप्रेमी मंडळाकडे गेलं.

मंडळ दर रविवारी सकाळी दातांच्या डॉक्टरांच्या प्रतीक्षाकक्षात भरे. डॉक्टर अध्यक्ष होते. त्यांच्याकडे अकरा अ‍ॅम्प्लिफायर होते आणि गिटार एकही नव्हती. वाद्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरचा मूळ आवाज बिघडतो, असं त्यांचं अभ्यासपूर्ण मत होतं. सभासद डोळे मिटून ऐकत. जो आधी डोळे उघडेल त्याचा कान कच्चा समजला जाई. एक गृहस्थ पाऊण तास डोळे मिटून राहिले, घोरूही लागले, आणि त्यांची सचिवपदी निवड झाली.

मंडळाने निकष ठरवले. अ‍ॅम्प्लिफायर कोरा असावा, पण तसा दिसू नये. तो कुणी वापरलेला नसावा, मात्र वापरल्यासारखा वाटावा. जुनेपणावर दोन वर्षांची हमी असावी.

तीन नमुने आले. पहिल्यातून सतत बारीक गुंजारव यायचा, तो अस्सलपणाचं लक्षण म्हणून नोंदवला गेला. दुसऱ्यातून काहीच यायचं नाही, त्यामुळे तो संशयास्पद ठरला. दुकानदार भला माणूस. गुरुवारपर्यंत गुंजारव बसवून देतो म्हणाला. तिसऱ्याच्या कोपऱ्यावर कारखान्यातूनच सुंदर ओरखडा पाडून आला होता. पण दुकानातल्या बाकीच्या चार नगांवरही नेमक्या त्याच जागी तसाच ओरखडा निघाला. "हा ओरखडा अनुभवातून आलेला नाही," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले आणि कारखान्याकडून खुलासा मागवला.

दरम्यान दुसऱ्या महिन्यात आत्याचा रेडिओ मोठा झाला. चौथ्यात तिला दारावरची घंटा ऐकू येईना. पाचव्यात ती प्रत्येक प्रश्नाला हसून "हो" म्हणू लागली. आणखी पंधरा दिवस थांबशील ना, या प्रश्नालाही ती हो म्हणाली आणि तक्तेरावांनी लाभार्थ्याची संमती प्राप्त अशी नोंद केली.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई एकदा जिन्यात त्यांना अडवून म्हणाल्या, "अहो, काल मी अगदी शेजारी उभं राहून हाक मारली, तरी त्यांना कळलं नाही. वाजवा आता काय ते."  तक्तेरावांनी घरी येऊन गिटार मांडीवर घेतली, कपाटावरचा डबा खाली काढला, वायरसुद्धा जोडली. मग आठवलं की तक्त्यात एकच रकाना भरायचा राहिलाय. एवढ्यासाठी सगळं वाया घालवायचं? त्यांनी वायर काढली आणि डबा परत वर ठेवला.

सातव्या महिन्यात मंडळाने एकमताने निवड केली. अ‍ॅम्प्लिफायर घरी आला. तक्तेरावांनी आत्याला समोरच्या खुर्चीत बसवलं. व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी उजळले. त्यांनी कांडी तारांवर टेकवली आणि ती धून वाजवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आयुष्यात कधी वाजवली नव्हती इतकी सुरेख. शिंपीणबाईंचं मशीन खाली थांबलं. आत्या व्हॉल्व्हकडे कौतुकाने बघत होती.

"दिवे छान आहेत रे," ती म्हणाली. "आता वाजव ना."

तक्तेरावांना रडू आवरेना. त्यांनी पुन्हा वाजवलं. आत्या वाट बघत राहिली.

रविवारी त्यांनी हे सगळं मंडळात सांगितलं.  सचिवांनीसुद्धा डोळे उघडले. रजेमुळे निवडीच्या बैठकीला न आलेले एक सभासद मात्र जरा चुळबुळले आणि हळूच म्हणाले, "फार वाईट झालं. पण शेवटी तिघांतला कुठला घेतला?"

त्यांच्यावर रागावू नका. आत्या खुर्चीत बसली तेव्हापासून तुम्हीही तोच प्रश्न मनात दाबून आहात. दुसरा घेतला, गुंजारव बसवून.