अण्णांच्या घरातले

अण्णा वकिलांकडे मी चार वर्षं ज्युनिअर होतो, पण त्यांना मुलं किती हे मला त्यांच्या तेराव्यापर्यंत नक्की सांगता आलं नसतं. कराडच्या त्यांच्या घरी ओसरीवर, स्वयंपाकघरात, नळापाशी कुणी ना कुणी असायचंच आणि अण्णा प्रत्येकाची ओळख एकाच वाक्यात करून द्यायचे, "हा आपल्या घरातला."

मी आष्ट्याजवळच्या खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. सनद मिळाल्यावर कागदांची फाईल छातीशी धरून मी अण्णांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी फाईल उघडलीच नाही. "जेवलास का?" एवढंच विचारलं आणि आत हाक मारली, "आगं, एक ताट वाढ. घरातलाच हाय."

दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी टायपिस्टला घरातला म्हटलं. चौथ्या दिवशी मलकापूरच्या स्टॉपवर सकाळीच भेटलेल्या एका रसवंतीवाल्याला. तेव्हापासून मनात एक प्रश्न बसला तो बसलाच. मी खरंच घरातला, की अण्णांची ती नुसती सवय?

वाटणीच्या एका दाव्यात आमचा पक्षकार सदाभाऊ कागद द्यायला आला, तर स्वयंपाकघरात त्याचा चुलतभाऊ जेवत बसलेला. दावा त्याच्याच विरुद्ध होता.

"आवं अण्णा, ह्यो माझ्या विरुद्ध हाय की."

"कोर्टात हाय. हितं भाकरी खातोय. बस तूबी."

सदाभाऊ बसला. दोघं एकमेकांकडे न बघता एकाच वाडग्यातली चटणी घेत राहिले. अशा वेळी ज्युनिअरनं कुणाच्या बाजूला बसायचं, हे आम्हाला शिकवलेलं नव्हतं.

पुढं एका साक्षीदाराला समोरच्या वकिलानं विचारलं, "अण्णा तुमचे कोण?" तो शपथेवर म्हणाला, "मी त्यांच्या घरातला." समोरचा वकील उठूनच उभा राहिला. न्यायाधीशांनी चष्मा काढून अण्णांना विचारलं, "नातं काय?" अण्णांनी एकदा साक्षीदाराकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "साहेब, तसं काहीच नाही." कोर्टानं मागितलेला लेखी खुलासा मी लिहिला. तीन कागद फाडले.

संध्याकाळी काकूंसाठी गजरा घेताना सोबत असेल त्याच्या बायकोसाठीही ते एक घ्यायचे. माझं लग्न झालेलं नव्हतं. माझा गजरा ओळखीच्या कंडक्टरबरोबर आष्ट्याच्या गाडीनं आईकडे जायचा. आई अजून विचारते, हे वकील आपले कोण लागतात? मला अजून नीट सांगता येत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर अण्णा गेले. आमच्याकडे तेराव्याला सोयरे येतात, घरातल्या पुरुषांना ओळीनं बसवून टोप्या घालतात. दुखवटा उतरला, आता कामाला लागा, असा त्याचा अर्थ. मी खांबापाशी उभा राहिलो. ओळीत बसावं तर आगाऊपणा, आणि बाहेर पाहुण्यांत बसावं तर पाय वळेना.

"तिकडं काय उभा?" काकू म्हणाल्या. "बस की ओळीत."

मी जागा शोधायला लागलो, तर सतरंजी भरलेली. दोन मुलगे, त्यांच्यापुढं टायपिस्ट, सदाभाऊ, त्याला लागून तो चुलतभाऊ. सगळे मान खाली घालून, आपण कुणाच्या जागेवर बसलोय की काय अशा तोंडानं. चुलतभावानं जरा सरकून जागा केली, तिथं मी टेकलो. काकूंचे भाऊ हातात दोन टोप्या घेऊन ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिले.

"आक्का, मी मामाच हाय न्हवं? माझी भाचरं दोनच होती की."

कुणीतरी हसलं. काकू हसल्या नाहीत.

"ह्यांचे वडील गेले तवा हे कॉलेजात होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एकटेच बसले होते सतरंजीवर. ना भाऊ, ना सोयरा. दुपारपर्यंत वाट बघितली, आन् मग पेठेत जाऊन सोताच टोपी आणली. सोताच घातली. लग्न झाल्यावर एकदाच सांगितलं मला. परत कवा त्या दिवसाचं नाव काढलं न्हाई."

मामांनी दोघा भाच्यांना टोप्या घातल्या. थोरल्यानं मामांकडे पाहिलं, स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली आणि शेजारच्या टायपिस्टला घातली. त्यानं ती सदाभाऊला घातली. सदाभाऊ टोपी हातात धरून जरा थांबला, मग चुलतभावाकडे न बघताच त्याच्या डोक्यावर ठेवली.

माझ्यापर्यंत आली तेव्हा ती चुरगळली होती. मला सैल झाली, कपाळावर घसरली. मी ती तशीच ठेवून बसलो.

माझ्या पलीकडे बसलेल्या मलकापूरच्या त्या रसवंतीवाल्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग कोपरानं हळूच ढोसलं.

"वकील, फुडं द्या की. मीबी घरातलाच हाय."